काळी आणि साखरी

मला न्यायला दादानं जीप पाठवली, तेव्हाच माझ्या मनात पाल चुकचुकली.

लग्न होऊन कराडला आले तेव्हापासून मी माहेरी एस.टी.नंच जात होते. कोल्हापूरच्या स्टँडवर उतरायचं, रिक्षा करायची आणि ताराबाई पार्कातल्या आमच्या बंगल्याच्या फाटकाशी भाडं चुकतं करायचं. आबा होते तोवर ते कधीमधी गाडी घेऊन स्टँडवर यायचे. दादाला हे कधी सुचलं नव्हतं. आणि आज सकाळीच दारात जीप, आणि ड्रायव्हर हात जोडून उभा.

"ताईसाहेब, लगीच निघायचंय. जेवायला तिकडंच या म्हणाल्यात."

"आणि हे?" मी आत बसलेल्या यजमानांकडे बोट केलं.

"तुमी एकट्याच या म्हणाल्यात. सायबांना उगं तरास नगो."

यजमानांनी पेपरातून डोकं वर काढलं नाही. "वाटणीचं ठरलं वाटतं," एवढंच म्हणाले.

आबांना जाऊन वर्ष झालं होतं. वर्षश्राद्धाला सगळे जमलो तेव्हा दादा आणि आप्पा, माझे दोघे भाऊ, जेवणाच्या पंगतीतही एकमेकांकडे तिरक्या नजरेनं बघत होते. आबा गुळाचे अडते. बंगला, मार्केट यार्डातलं दुकान, विहिरीवरचा मळा, सगळं त्यांनी स्वतः कमावलेलं. कायद्यानं आम्हां तिघांचा हक्क सारखा. पण आमच्यात बहीण हक्कसोडपत्रावर सही करते, साडीचोळी घेते आणि त्या बदल्यात तिला माहेर राहतं. सही केली नाही तर वाटा मिळतो आणि दार बंद होतं. माझ्या दोन्ही आत्यांनी सही केली होती. मीही करणार असं सगळेच धरून चालले होते, आणि खरं सांगायचं तर मीसुद्धा. फक्त त्यासाठी जीप कशाला पाठवावी, हे मला कळेना. सही करायला एस.टी.नंही जाता येतं.

वाटभर जीपच्या घरघरीनं कान किटले.

बंगल्यात शिरले तर पुरणाचा वास. सण नाही, वार नाही, आणि पुरणपोळ्या. माझा संशय आणखी पक्का झाला. ओसरीवर आमचे मामा बसले होते. वय झालेलं, डोळ्यांत मोतीबिंदू उतरलेला, पण कान तिखट आणि जीभ त्याहून. गावात कुणाचीही वाटणी असो, पंच म्हणून मामा हवेतच. त्यांच्या शेजारी टेबलावर एक कागद, आणि तो उडू नये म्हणून त्यावर ठेवलेला आबांचा अडकित्ता. कागद कसला ते विचारायची गरज नव्हती.

"आलीस व्हय?" मामा म्हणाले. "बस. आधी जेव. सही काय, पळून जात न्हाई."

वहिनी पाण्याचा तांब्या घेऊन आल्या. दादाच्या बायकोचं आणि माझं तसं बरं होतं. पण त्या दिवशी त्या माझ्याकडे बघेनात. "वन्सं, हातपाय धुवा," म्हणाल्या आणि पदर सावरत आत गेल्या. मला वाटलं, यांनाही काहीतरी ठाऊक आहे.

जेवण झाल्यावर दादा मला अंगणात घेऊन गेला. तिथं दोन्ही गाड्या धुऊनपुसून शेजारीशेजारी उभ्या केल्या होत्या. आणि जीपचं कोडं उलगडलं.

आबांना दोनच नाद. एक तपकीर आणि दुसरा मर्सिडीज. पहिली त्यांनी एका संस्थानिकाच्या लिलावात घेतली. काळीभोर, गुबगुबीत अंगाची, आत लाल चामड्याच्या गाद्या आणि लाकडाचा डॅशबोर्ड. तिला घरात काळी म्हणायचे. पुढं मुंबईच्या एका गिरणीमालकाकडून दुसरी आणली, साखरेच्या रंगाची. लांबडी, सपाट आणि मागं दोन्ही बाजूंना माशासारखे पर वर आलेले. ती साखरी. काळी थोरली आणि साखरी धाकटी, जशा दोन जावा. दसऱ्याला आबा काळी बाहेर काढायचे आणि बेतानं गावातून फिरवून आणायचे. रस्त्यावर माणसं उभी राहून बघायची. साखरी बहुतेक ताडपत्रीखाली असायची. तिच्या मडगार्डाला पोचे होते, गाद्यांना उंदरांनी कुरतडलं होतं आणि घड्याळ बंद पडलं होतं.

आबा जायच्या आदल्या उन्हाळ्यात मुंबईहून एक जुन्या गाड्यांचा षौकीन आला होता. त्यानं दोन्ही गाड्या खालून-वरून बघितल्या, चहा घेतला आणि जाताना हसत म्हणाला, "इंगवलेसाहेब, यातली एकच गाडी खरी आहे." आबाही हसले. कोणती, ते त्यानं सांगितलं नाही आणि आबांनीही नाही. तेव्हा दोन्ही भावांच्या लेखी ते भंगार होतं. आबा गेले आणि त्या एका वाक्यानं दोघांची झोप उडवली.

"आता तूच सांग," दादा म्हणाला. "मला गाडीतलं कळत न्हाई, आप्पाला त्याहून न्हाई. आबांनी शिकवलं ते तुला एकटीला. दोन्ही चालवून बघ, आणि कुठली चांगली ते चारचौघांत सांग."

"मिस्त्रीला का नाही बोलावलंत?"

"मिस्त्री दादाच्या ओळखीचा," आप्पा मागून म्हणाला.

"आणि दुसरा ह्याच्या ओळखीचा," दादा म्हणाला. "तुझं तसं न्हाई. तुला काय घ्यायचंच न्हाई. तुझ्याइतकं निःपक्षपाती कोण हाय?"

तुला घ्यायचंच नाही, हे वाक्य त्या दिवशी मी पहिल्यांदा ऐकलं. संध्याकाळपर्यंत इतक्यांदा ऐकलं की कानात बोटं घालावीशी वाटली.

मामांनी ओसरीवरून आवाज दिला. "रिवाज ठाऊक हाय न्हवं? थोरल्यानं वाटं करायचं, धाकट्यानं आधी उचलायचा. वाटं करणाऱ्याला उरलंसुरलं. म्हंजे लबाडी करायची सोय न्हाई."

म्हणजे दादा वाटे करणार आणि आप्पा आधी उचलणार. आप्पानं कोणती गाडी उचलायची ते माझ्या तोंडावर ठरणार. म्हणून जीप, म्हणून पुरणपोळी, म्हणून यजमानांना तसदी नको.

आधी काळी. माझ्या शेजारी दादा बसला. गाडी सुरू केली आणि मी दचकले. इंजिन खोकत होतं, थाडथाड उडत होतं, सगळी गाडी थरथरत होती. तशीच फाटकाबाहेर काढली आणि पन्हाळ्याच्या रस्त्याला लावली. दादा खिडकीबाहेर बघत गप्प बसला होता, आणि दादा गप्प बसणारा माणूस नव्हता.

वाघबीळच्या अलीकडे चढ लागला आणि काळीनं मान टाकली. मी ती कडेला घेतली.

"चल, फिरव माघारी," दादा म्हणाला. "कळलं न्हवं, कशी हाय ती?"

"बॉनेट उघडते."

"कशाला? हात काळं होतील."

त्यानं एवढ्या घाईनं सांगितलं की मी आधी उतरले आणि मग ऐकलं.

मी सतरा-अठराची असताना आबा मला गाडी शिकवायचे, तेव्हा त्यांची एक परीक्षा असायची. प्लगच्या दोन वायरी ते गुपचूप अदलाबदल करून ठेवायचे आणि म्हणायचे, "ओळख, बाईसाहेब का रुसल्या." मी बॉनेट उघडून शोधायची. भाऊ व्हरांड्यात बसून हसायचे. ही खोड घराबाहेर कुणाला ठाऊक असायचं कारण नव्हतं.

बॉनेट उघडलं. दोन वायरी एकमेकींच्या जागी होत्या, आणि त्यांच्यावरच्या धुळीत बोटांचे ताजे ठसे. मी मान वळवून दादाकडे बघितलं. तो रस्त्यावरची म्हैस बघत होता.

मी वायरी जागच्या जागी लावायला हात घातला आणि तसाच थांबवला. वायरी चार होत्या.

मर्सिडीजला सहा. आबा म्हणायचे, "सहा जणी आहेत, एक जरी रुसली तरी घर चालत नाही." दोन्ही गाड्यांना सहाच. मी पुन्हा मोजल्या. मग वाकून नीट बघितलं. त्या रुंद पोटात एक आखूडसं इंजिन बसवलेलं होतं, चारी बाजूंनी पट्ट्या मारून. असलं इंजिन मी ओळखत होते. सकाळी कराडहून इथवर मी त्याच्याच मागं बसून आले होते. काळीच्या पोटात जीपचं इंजिन होतं.

मी वायरी बदलून गाडी पुन्हा सुरू केली. थाडथाड थांबली आणि घरघर सुरू झाली. तीच सकाळची घरघर. आबा दसऱ्याला गाडी इतकी बेतानं का चालवायचे ते आता कळलं. कधीतरी मूळ इंजिन कामातून गेलं असणार, सुटे भाग मिळाले नसणार, आणि थोरलीला दसऱ्याला घरात बसवणं आबांच्या जिवावर आलं असणार. हसू दाबताना माझ्या डोळ्यांत पाणी आलं.

दादानं तेच बॉनेट काल-परवा उघडलं होतं. दोन वायरी काढल्या होत्या, दोन लावल्या होत्या. त्या कशावर लावतोय ते मात्र त्यानं बघितलं नव्हतं. सगळा जन्म गुळाची ढेप नुसती वरून टोकरून भाव सांगणारा माणूस, त्यानं बघावं तरी कशाला.

"सापडलं व्हय?" तो खाली मान घालून म्हणाला.

"सापडलं. आबांची परीक्षा."

तो गुडघ्यावर हात चोळत म्हणाला, "हे बघ शालन, खोटं कशाला बोलू. काळी मला पायजे. थोरल्याची थोरली. राजाच्या घरातली गाडी हाय ती, तो मुंबईवाला उगं न्हाई बोलला. आप्पा तुझं ऐकतो. अंगणात गेल्यावर सांग, साखरी बरी म्हणून. तुला काय, तुला तर घ्यायचंच न्हाई."

"आणि साखरी खरंच बरी निघाली तर?"

दादा मोकळा हसला. "मग तर तुला खोटंबी बोलायला नगो."

परत आलो तर आप्पा फाटकातच उभा. दादा उतरला की लगेच तो साखरीत येऊन बसला, आणि मी बसायच्या आधीच म्हणाला, "काय बोलला?"

"कोण?"

"एवढा उशीर लावला. काहीतरी बोलला असणार."

मी उत्तर न देता डाव्या पायानं क्लच चाचपला आणि पाय तिथंच थबकला. पायाला लाकूड लागलं. मी बुटकी. शिकत होते तेव्हा साखरीच्या क्लचला माझा पाय पुरायचा नाही, म्हणून आबांनी सुताराकडून एक ठोकळा करून पेडलवर स्क्रूनं बसवून घेतला होता. मी लग्न होऊन गेल्यावर तो निघाला असणार असंच मी समजत होते. आबा चांगले सहा फुटी, त्यांचा गुडघा तर स्टिअरिंगला टेकत असणार. तरी ठोकळा होता तिथंच होता. मुद्दाम ठेवला की काढायचा राहून गेला, ते मला आजही सांगता येणार नाही.

किल्ली फिरवली. गाडी चालू झाली की नाही ते कळायला मला काटा बघावा लागला.

कुरतडलेल्या गाद्या, बंद घड्याळ, दाराचा खडखडाट, सगळं होतं. पण वाघबीळचा तोच चढ ती गुणगुणत चढली. वर सपाटीला मी थांबवून बॉनेट उघडलं. सहाच्या सहा वायरी. सगळं जागच्या जागी, तेलपाणी केलेलं, ज्याचं त्याचं. वर्षानुवर्षं ताडपत्रीखाली पडून राहिलेली गाडी अशी नसते. वर्षापूर्वीपर्यंत कुणीतरी ती नेमानं बाहेर काढत होतं, आणि ते कोण हे मला विचारायला नको होतं.

आप्पाला यातलं काही दिसलं नाही. तो सारखा मागं वळून बघत होता, दादा जीप घेऊन पाठलाग करतोय की काय म्हणून.

"शालन, स्पष्ट सांगतो," तो म्हणाला. "दादा तुला तिथं खोटं बोलायला लावणार. तू त्याच्यासमोर काय बोलायचं ते बोल, थोरला हाय. पण मला खरं कळलं पायजे. असं करू. काळी चांगली असली तर ताक माग. साखरी चांगली असली तर पाणी."

"आप्पा, अरे मी इथंच सांगते ना."

"इथं नगो." त्यानं चक्क हात जोडले. "इथं तू मला बरं वाटावं म्हणून बोलशील. तिथं ताक न्हाईतर पाणी. त्यात खोटं न्हाई बोलता येत."

मी तरीही म्हणाले, "साखरी चांगली आहे."

त्यानं माझ्याकडे कीवेनं बघितलं. "म्हंजे दादानं हेच सांगायला सांगितलंय," तो स्वतःशीच म्हणाला. आणि थोड्या वेळानं, "तुझा राग न्हाई गं. तुला काय, तुला तर काय घ्यायचंच न्हाई."

परतीच्या उतारावर मला पहिल्यांदा राग आला. जेवण झाल्यापासून या दोघांनी मला मर्सिडीजमधून फिरवलं, माझ्या मिनत्या केल्या, माझ्यावर संशय घेतला. पण यातली कोणती तुला आवडेल, असं कुणाच्या ओठांवर चुकूनही आलं नाही. ठोकळ्यावर माझा पाय होता. हा पाय इथून परत काढून एस.टी.त ठेवायचा, हे मला जमेल असं वाटेना.

अंगणात सगळे ओसरीवर बसले. उन्हानं घसा कोरडा पडला होता. मी तोंड उघडायच्या आत वहिनी ट्रे घेऊन आल्या आणि त्यांनी माझ्या हातात पेला दिला. ताकाचा.

मी आप्पाकडे बघितलं. त्याचा चेहरा उजळला होता.

"मी काही मागितलेलं नाही," मी म्हणाले.

"न मागता दिलं की घ्यावं," मामा म्हणाले. "बोल पोरी. चांगली कुठली?"

"साखरी," मी म्हणाले. "काळी दिसायला आहे. गाडी म्हणाल तर साखरी."

एवढं सरळ वाक्य मी जन्मात बोलले नसेन. दादानं समाधानानं मान हलवली, बहिणीनं शब्द राखला म्हणून. आप्पानं माझ्या हातातल्या पेल्याकडे बघून डोळे मिचकावले, तोंडानं दादासाठी आणि पेल्यानं माझ्यासाठी म्हणून. खरं ते मी चारचौघांत बोलले होते, आणि दोघांपैकी एकानंही ते ऐकलं नव्हतं.

"झालं तर," आप्पा मांडीवर थाप मारून म्हणाला. "मग मी काळी घेणार."

दादाचा चेहरा खर्रकन उतरला. "आत्ता ती साखरी म्हणाली न्हवं?"

"म्हणाली की. तू म्हणायला लावलंस म्हणून म्हणाली."

"शालन, तू ह्याला काय सांगितलंस?"

"ते तिला का विचारतोस? तू गाडीत तिला काय सांगितलंस ते सांग की."

मग जे व्हायचं ते झालं. वर्षभर साठवलेलं सगळं बाहेर पडलं. पेरूची झाडं कुणी तोडली, आबांच्या दवाखान्यात कोण किती दिवस बसलं, आईच्या पाटल्या कुणाच्या बायकोच्या हातात आहेत. आणि हे सगळं चाललं होतं जीपच्या इंजिनासाठी. मी ताक पीत बसले. चांगलं झालं होतं, आलं आणि कोथिंबीर घातलेलं.

मामांनी काठी आपटली. "गप बसा. आधी शालनची सही हुंदे. मग वाटं करा आणि उचला. तिची सही झाल्याबिगर तुमची नावं चढत न्हाईत, ध्यानात हाय न्हवं?"

दादानं अडकित्ता उचलला आणि कागद माझ्यापुढं सरकवला. आप्पानं खिशातलं पेन काढून त्याचं टोपण उघडलं. दिवसभरात ते दोघं पहिल्यांदा एकत्र एखादं काम करत होते.

मी पेन हातात घेतलं. खरंच घेतलं. मग विचारलं, "मामा, थोरल्यानं वाटे करायचे. आणि उचलायचा कुणी?"

"धाकट्यानं. किती येळा सांगू?"

"आबांच्या पोरांत सगळ्यांत धाकटं कोण?"

मामांची काठी आप्पाकडे वळली आणि तिथून सावकाश माझ्याकडे. आत स्वयंपाकघरात भांड्यांचा आवाज चालू होता, तो थांबला.

मी टोपण लावून पेन कागदावर आडवं ठेवलं. "दादा, वाटे तीन कर. तूच कर. मी काही मोजणार नाही, भांडणारही नाही. फक्त आधी उचलणार."

"शालन," दादाचा आवाज बारीक झाला. "माहेर नगो व्हय तुला?"

हे तो बोलणार हे मला सकाळपासून ठाऊक होतं. तरी लागलं. मी म्हणाले, "हवं आहे. पण ते माझ्या सहीवर टिकणार असेल, तर ते माझं आधीपासूनच नव्हतं."

आप्पा म्हणाला, "मामा, तुम्ही तरी सांगा तिला."

मामा बराच वेळ काठीच्या मुठीवरून अंगठा फिरवत राहिले. मला त्यांचाही भरवसा वाटत नव्हता. माझ्या आईकडून त्यांनी अशीच सही घेतली होती. शेवटी म्हणाले, "चाळीस वर्सं मी लोकांच्या अंगणात हा रिवाज सांगत आलो. धाकटा म्हंजे गडीच, असं त्यात कुटं हाय ते मला आज आठवंना." मग दादाकडे तोंड करून, "कर हिंदूराव, तीन वाटं."

दादानं वाटे केले. रागानं केले, पण नीट केले, कारण उरलेला त्यालाच मिळणार होता. बंगला हा एक. दुकान आणि काळी हा दुसरा. तिसऱ्यात विहिरीवरचा मळा आणि, हात झटकून, "ती साखरी." दुकान मळ्यापेक्षा कमीच होतं. पण काळीच्या जोरावर त्यानं तो वाटा भारी धरला होता, आणि साखरी जमेतच धरली नव्हती.

"तिसरा," मी म्हणाले.

दादानं माझ्याकडे रोखून बघितलं. दिवसभरात पहिल्यांदा त्याला संशय आला की मी खरं बोलले असेन. पण तोवर आप्पानं "दुसरा" म्हणून टाकलं होतं आणि तो काळीकडे धावला होता. किल्ली लावून त्यानं ती सुरू केली, आणि आत बसून राजासारखा आमच्याकडे बघत राहिला.

मामांनी कान टवकारले. "आता ही जीप कुणी सुरू केली?"

जीप फाटकाबाहेर बंद उभी होती आणि ड्रायव्हर ओसरीच्या पायरीवर चहा पीत होता. दादानं काळीकडे बघितलं. मग जीपकडे. मग उठून तो सावकाश अंगणात गेला, आणि त्यानं आप्पाला बॉनेट उघडायला सांगितलं.

मी थांबले नाही. साखरीत बसून ती फाटकापर्यंत आणली, तेवढ्यात वहिनी मागच्या दारानं वळसा घालून धापा टाकत आल्या. हातात सूप होतं. मला वाटलं, आता या दोन शब्द सुनावणार. त्यांनी खिडकीतून हात घालून माझ्या कपाळाला कुंकू लावलं, पदर पुढं करायला सांगितला आणि ओटी भरली. तांदूळ, नारळ, खण.

"वहिनी, दादा रागावेल."

"रागावूदेत." त्यांनी अंगणाकडे मान वळवली. बॉनेटवर दोन्ही भाऊ शेजारीशेजारी वाकले होते. "ते इंजिन बसवलं ना, तेव्हा गुळाचा हंगाम होता. हे दोघं उजाडायच्या आत मार्केट यार्डात जायचे. मिस्त्री चार दिवस अंगणात होते. चहा मीच देत होते."

"म्हणजे तुम्हांला ठाऊक होतं?"

"मामंजी मला म्हणायचे, सूनबाई, हे आपल्या दोघांत. साखरी बाहेर काढायचे तेव्हा मागं बसून मीच जायची त्यांच्याबरोबर, वाघबीळपर्यंत."

"मग वर्षभर बोलला का नाहीत?"

वहिनींनी सूप काखेत धरलं आणि पदरानं खिडकीच्या काचेवरचा एक डाग पुसला.

"मला कुणी विचारलंच नाही, वन्सं," त्या म्हणाल्या. "जावा आता, उन्हं उतरायच्या आत पोचाल. आणि दसऱ्याला या. हिला घेऊनच या."